परमँगनेटच्या बाटलीमागे

सकाळी ६:५०. डिसेंबरचा दुसरा आठवडा. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत मामा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढतात. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव आहे. पण विद्यार्थी, प्राध्यापक, ऑफिसातले क्लार्क, सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. कानटोपी, स्वेटर, वरून खाकी ॲप्रन. आत शिरल्यावर ते दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत. आधी खिडक्या उघडतात आणि मधोमध उभे राहून वास घेतात. गॅसचा वास नाही एवढं पटलं की मग दिवे, मग पंखा. टेबलांवरच्या गॅसच्या तोट्या एकेक करून बोटाने चाचपतात. एक तोटी जराशी ढिली निघते. खिशातला पाना काढून आवळतात.

७:००. नळाचं पाणी पावणेआठला जातं. तेवढ्यात डिस्टिल्ड वॉटर काढून घ्यायचं असतं. यंत्र भिंतीवर टांगलेलं आहे, तासाला चार लिटर देणारं. वाफ थंड करायला नळाचं पाणी सतत वाहतं लागतं आणि वरच्या टाकीच्या पाण्याला तेवढा जोर नाही. तीनेक लिटर निघतात. पाणी जड आहे, हीटरवर पांढरा थर धरतो. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून तो थर मामा स्वतःच सोडवतात. यंत्र रुसलं तर बाजारातून कॅन आणावा लागतो, पाच लिटरला ऐंशी रुपये. कॅनच्या पाण्यावर त्यांचा भरवसा नाही. मागे एकदा त्या पाण्यात केलेल्या परमँगनेटचा रंग आठवड्याभरात उतरला होता. "पाण्यात काहीतरी कुजकं असंन," ते म्हणतात. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम त्याला सेंद्रिय अंश म्हणतात.

७:२०. कपाटातून पाच लिटरची तपकिरी बाटली निघते. चिठ्ठीवर मागच्या आठवड्यातली तारीख आहे. आजच्या दोन्ही बॅचना लागणारं पोटॅशियम परमँगनेट हे. मामा बाटली दोन्ही हातांनी उचलतात आणि अजिबात न हलवता ओट्यावर ठेवतात. तळाशी बारीक तपकिरी गाळ बसला आहे, तो उठता कामा नये.

हिशेब असा. पाच लिटर पाण्यात १५.८ ग्रॅम परमँगनेट टाकलं की कागदावर ते ०.१ नॉर्मल होतं, आताच्या पुस्तकांप्रमाणे ०.०२ मोलर. मामा १६ ग्रॅम घेतात. कारण परमँगनेट पाण्यात पडल्याबरोबर कामाला लागतं. पाण्यातली धूळ, शेवाळ, बाटलीच्या तोंडाला लागलेलं बोट, जे सापडेल त्याला जाळतं आणि स्वतः थोडं मरतं. जे मरतं त्याचा मँगनीज डायऑक्साइड होऊन खाली बसतो. तो गाळ तसाच राहू दिला तर उरलेलं परमँगनेटही हळूहळू मोडत जातं. म्हणून आज केलेलं द्रावण आज वापरायचं नाही. तासभर मंद उकळून घेतलं तर दुसऱ्या दिवशी चालतं. पण १९ किलोची व्यावसायिक टाकी महाग पडते. मामा गॅस जाळत नाहीत. चार-पाच दिवस आधी द्रावण करतात आणि अंधारात ठेवून देतात.

आता गाळायचं. फिल्टर पेपर चालत नाही. कागद परमँगनेटला खाऊ घातल्यासारखाच होतो, जागच्या जागी तपकिरी पडतो आणि द्रावण आणखी कमी होतं. मामा हातमोजा घालून ग्लास वूलचा बारीक बोळा काढतात आणि नरसाळ्याच्या नळीत दाबून बसवतात. जास्त दाबला तर थेंब उतरत नाही, कमी दाबला तर गाळ निसटतो. पहिली वाटीभर धार परत वर ओततात. मग नरसाळ्याखाली कोरडी बाटली. जांभळी धार इतकी दाट असते की तिच्यातून पलीकडचं बोट दिसत नाही. तळाचं दीडेकशे मिली ते वगळतात. वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नाहीत. दिवसभरात मी जे जे पाहिलं त्यात सगळ्यांत मोलाचं काम मला हे वाटलं. पुढे जी चाळीस मुलं रीडिंग घेणार, त्या सगळ्यांचा खरेपणा या बोळ्यातून खाली उतरत होता.

७:४५. मॅडम येतात. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात. तास आठला सुरू होतो, त्याआधीची पंधरा मिनिटं कुठल्या बिलात बसत नाहीत. तरी त्या रोज येतात. परमँगनेटवर वजनाने विश्वास ठेवता येत नाही, म्हणून ते दुसऱ्या भरवशाच्या पदार्थाशी ताडून बघावं लागतं. तो पदार्थ ऑक्झॅलिक ॲसिड. लिटरला ६.३ ग्रॅम, शुद्ध प्रतीचं, स्वतंत्र बाटलीत राखून ठेवलेलं. मामा ब्युरेट भरून देतात, मॅडम टायट्रेशन करतात. १०.२. पुन्हा १०.२. तिसऱ्यांदाही १०.२. दहा मिली ऑक्झॅलिकला १०.२ मिली परमँगनेट लागलं, म्हणजे ते ०.०९८ नॉर्मल. मामा पेन्सिलीने चिठ्ठीवर आकडा टाकतात. फळ्यावर मात्र लिहीत नाहीत. मुलांनी तो स्वतः काढायचा असतो.

८:०५. बारावीची पहिली बॅच. वीस जण. निम्मी मुलं खेड्यांतून पहिल्या एस.टी.ने आलेली, कानाला मफलर. जानेवारी सरता सरता बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा लागेल. मामांनी प्रत्येक टेबलावर ट्रे मांडून ठेवला आहे. ब्युरेट, दहा मिलीची पिपेट, दोन कोनिकल फ्लास्क, पांढरी फरशी, वॉश बॉटल. ब्युरेटला काचेचीच तोटी हवी. रबरी नळी आणि चिमटा लावलेल्या ब्युरेटी कपाटात पडून आहेत, त्या आम्ल-अल्कलीच्या प्रयोगाला. परमँगनेट रबर खातं. तोटीला व्हॅसलिन लावायचं तेही इतकं कमी की भोकात शिरता कामा नये. वीसच्या वीस तोट्या मामांनी काल संध्याकाळी फिरवून बघितल्या होत्या.

तरी एक गळतेच. "मामा, माह्या ब्युरेटमधून गळून राह्यलं."

"उलटी फिरवली का तू तोटी? आण इकडे." पुसतात, फिरवतात, परत देतात. "जोर नाही लावाचा. काच हाय ते."

पिपेटने दहा मिली ऑक्झॅलिक. मग पातळ सल्फ्युरिक ॲसिड. हायड्रोक्लोरिक का नाही, हे मॅडम दरवर्षी विचारतात. कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडलाच पकडून क्लोरीन करत बसतं आणि हिशेब बिघडतो. नायट्रिक तर स्वतःच ऑक्सिडीकारक. मग कोनिकल जाळीवर ठेवून गरम करायचा, साठ ते सत्तर अंशांपर्यंत. थर्मामीटर तीनच आहेत. बाकीच्यांना मामांनी खूण सांगितली आहे. फ्लास्कच्या मानेवर वाफ जमायला लागली की उतरवा, उकळू देऊ नका. फार तापलं तर ऑक्झॅलिकच मोडतं.

खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी तोटी हळूच उघडते. पहिला थेंब पडतो. जांभळा रंग पाण्यात पसरतो आणि तसाच राहतो. ती फ्लास्क हलवते. रंग जात नाही. ती मामांकडे बघते.

"रंग जाऊनच नाही राहिला."

"थांब. हालवत राह्य. दुसरा थेंब टाकू नको अजून."

चार-पाच सेकंद जातात आणि रंग एकदम नाहीसा होतो. पाणी स्वच्छ. दुसरा थेंब त्याहून लवकर जातो. तिसऱ्यापासून तर थेंब पाण्याला टेकतो न टेकतो तोच पुसला जातो. परमँगनेटमधलं मँगनीज सात इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं असतं. ऑक्झॅलिककडून ते पाच परत घेतं आणि जवळपास बिनरंगाचं होतं. हे बिनरंगाचं मँगनीजच पुढच्या थेंबांचं काम वेगाने करून देतं. पहिल्या थेंबाच्या वेळी ते नसतं, म्हणून तो अडखळतो. मला ही गोष्ट कुठल्याही सूत्रापेक्षा मोठी वाटते. आणि ती त्या मुलीने आज स्वतःच्या हाताने पाहिली.

पुढे ती जलद सोडते. नऊ मिलीपाशी मामा मागून म्हणतात, "आता थेंब थेंब." दहा होतात. रंग जायला किंचित वेळ लागतो. १०.१. अजून स्वच्छ. आणखी एक थेंब. पाणी अगदी फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. ती मनात तीस मोजते. गुलाबी आहे. खाली वाकून ब्युरेट वाचते. इतर द्रावणांत खालची कड वाचायची असते. परमँगनेट इतकं गडद की खालची कड दिसतच नाही, म्हणून वरची वाचायची. १०.२. कुणी सांगितलेलं नसताना आलेलं १०.२.

पलीकडे एका मुलाच्या फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ झालं आहे. थंडी आहे. गरम केलेला फ्लास्क त्याने मित्राशी बोलत ओट्यावर ठेवला आणि तो निवला. वर आम्लही कमी पडलेलं. मँगनीज अर्ध्या वाटेवर अडकलं आणि डायऑक्साइड होऊन बसलं. मॅडम ओरडत नाहीत. "टाकून दे, परत घे." मामांच्या हिशेबात दहा मिली ऑक्झॅलिक आणि नऊ मिली परमँगनेट गेलं. पैशांत काहीच नाही. वेळेत दहा मिनिटं.

९:४०. दुसरी बॅच दहाला. मधल्या वीस मिनिटांत चाळीस कोनिकल धुवायचे. काचेवर, ओट्याच्या फरशीवर, सिंकमध्ये सगळीकडे तपकिरी डाग. साबणाने ते हलत नाहीत. उरलेलं ऑक्झॅलिक मामा फेकत नाहीत, एका बादलीत जमवतात. त्यात थोडं सल्फ्युरिक टाकून कोमट करतात आणि काच त्यात बुडवतात. डाग डोळ्यांदेखत विरघळतो. नळाखाली तीनदा, डिस्टिल्डने एकदा, मग उलटं घालून ठेवायचं. ब्युरेटी पाण्याने भरून, वरून टोपण घालून उभ्या ठेवतात. परमँगनेट आत वाळलं तर तोटी जाम होते, आणि जाम तोटी सोडवताना ब्युरेट जाते. काचेच्या तोटीची पन्नास मिलीची साधी ब्युरेट अडीचशे-तीनशेला पडते. मुलाने फोडली तर ब्रेकेजमध्ये कापतात. मामांच्या हातून फुटली तर कापत नाहीत, पण विचारतात.

१०:००. दुसरी बॅच. यांना ऑक्झॅलिकऐवजी मोहर साल्ट, म्हणजे लोहाचं एक मीठ. तापवायचं नाही, त्यामुळे गॅस वाचतो आणि गर्दीही कमी होते. लिटरला ३९.२ ग्रॅम. हे द्रावण मामांनी सकाळी ताजं केलं, आधी आम्ल आणि मग मीठ, नाहीतर लोह गंजून पिवळं पडतं. बॅच वेळेआधी संपते.

११:२०. चहा. कँटीनचा कप दहा रुपयांचा, मामा खोलीतच बीकरमध्ये करतील असं कुणाला वाटेल. पण ते ओट्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत. बाहेर व्हरांड्यात बसतात. हाताची नखं तपकिरी आहेत, अंगठ्याची सगळ्यांत जास्त. हातमोजे मिळतात, पण ते घालून व्हॅसलिनचा अंदाज येत नाही, म्हणतात. घरी लिंबाची फोड चोळतात. निम्मं जातं.

पगार विचारला. साडेअकरा हजार, संस्थेकडून. आधीचे कायम परिचर निवृत्त झाले, ती जागा भरली गेली नाही. मामा त्यांच्या हाताखाली शिकले होते, तेच पुढे चालू राहिले. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सर्वांत खालच्या श्रेणीचं मूळ वेतनच १५ हजारांपासून सुरू होतं, हे त्यांना माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत ते धानाच्या गिरणीत हमाली करायचे, आता पाठ साथ देत नाही. अडीच एकर धान आहे. यंदाचं अजून विकायचं आहे, केंद्रावर नंबर लागलेला नाही. हे सगळं त्यांनी कप धुता धुता सांगितलं आणि स्टोअरची किल्ली काढली.

११:४०. स्टोअररूम. इथे मामांची शिस्त बघावी. आम्लं सगळ्यांत खाली, चिनी मातीच्या ट्रेमध्ये. ज्वालाग्राही द्रव दुसऱ्या भिंतीला. ऑक्सिडीकारकांचं कपाट तिसरीकडे, एकटं. त्यात परमँगनेट, डायक्रोमेट, नायट्रेट आणि परक्लोरेट. लाकडी फळीवर मामांनी फरशीचे तुकडे बसवून घेतले आहेत, कारण सांडलेलं परमँगनेट लाकडात मुरलं तर लाकूडच इंधन होतं. ग्लिसरीन या खोलीतच ठेवत नाहीत. परमँगनेटच्या भुकटीवर ग्लिसरीन पडलं की काडी न लावता पेटतं. संहत सल्फ्युरिकची बाटलीही त्या कपाटासमोर कुणी टेकवायची नाही. कोरड्या परमँगनेटवर ते पडलं तर जे तयार होतं ते स्फोटक आहे.

परक्लोरेटच्या बाटलीला वेगळी वही. पोटॅशियम परक्लोरेट, पांढरी भुकटी, दिसायला मिठासारखी साधी. मागच्या वर्षी १०० ग्रॅमच्या चार बाटल्या आल्या. आज वहीत शिल्लक २८५ ग्रॅम. मॅडमनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच ग्रॅम. सही बघून मामा वजन करतात, प्लॅस्टिकच्या चमच्याने, आणि वहीत २८० लिहितात.

एवढा कडेकोट बंदोबस्त कशाला, असं कुणी विचारू शकेल. पाण्यात विरघळलेलं परक्लोरेट थंडपणी कुणालाच हात लावत नाही. परमँगनेट ज्या ऑक्झॅलिकला क्षणात खातं, त्याच्या शेजारी परक्लोरेट नुसतं पडून राहतं. पण कोरडं असेल, इंधन सोबत असेल आणि उष्णता मिळाली, तर चारही ऑक्सिजन एकदम देऊन टाकतं. अग्निबाणाच्या घन इंधनात अमोनियम परक्लोरेट असतं ते यासाठीच. केरळात आलुव्याला इस्रोचा ते बनवणारा कारखाना आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या हेंडरसनला ४ मे १९८८ रोजी अमोनियम परक्लोरेटच्या कारखान्याला आग लागली आणि लागोपाठ स्फोट झाले. दोन माणसं गेली, शेकडो जखमी झाली. पाच ग्रॅमला सही मागणारे मामा मला त्या दृष्टीने अगदी बरोबर वाटतात.

१२:४५. डबा. भात, वरण, वांग्याची भाजी. हात साबणाने दोनदा धुतात, कोपरापर्यंत.

१:३०. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा तास. अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी मॅडम दाखवणार आहेत. परक्लोरेटची ती पाच ग्रॅम भुकटी त्यासाठी. मामांनी बर्फ आणून ठेवला आहे, चौकातल्या रसवंतीवाल्याकडून, वीस रुपयांचा.

पन्नास मिली पाणी उकळीला आणायचं, त्यात भुकटी. विरघळते. हेच पाणी गार असतं तर एक ग्रॅमही धड विरघळलं नसतं. वीस अंशांना शंभर मिलीत जेमतेम १.७ ग्रॅम मावतं, शंभर अंशांना वीसच्या वर. आता त्यात परमँगनेटच्या द्रावणाचे थोडे थेंब. बीकर जांभळा होतो. मामा तो चिमट्याने उचलून बर्फात बसवतात.

गार होईपर्यंत मॅडम सांगतात. परक्लोरेट माणसाला १८१६ पासून माहीत आहे, व्हिएन्नाच्या श्टाडिओनमुळे. पुढे १८३०च्या दशकात बर्लिनच्या मिट्शरलिखने परमँगनेटचे स्फटिक त्याच्याशेजारी ठेवून मोजले. दोघांचा घाट एकच निघाला. परमँगनेटचं सूत्र तेव्हा नक्की ठरलेलं नव्हतं. ज्यांचे स्फटिक एकाच घडणीचे त्यांची सूत्रंही एकाच धाटणीची, या आधारावर त्याने ते ठरवलं. क्लोरीन सातच्या अवस्थेत, मँगनीजही सातच्या. दोघांभोवती चार ऑक्सिजन. क्लोरीनपासून ऑक्सिजन १.४४ अँगस्ट्रॉमवर, मँगनीजपासून १.६३. फरक आहे, पण स्फटिकाच्या घरात सामावून जाईल एवढाच. मग एक जांभळं आणि एक पांढरं का? परमँगनेटमध्ये प्रकाश पडला की ऑक्सिजनवरचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे उडी घेतो आणि त्यासाठी हिरवा प्रकाश गिळतो. उरतो तो जांभळा. परक्लोरेटमध्ये दिसणाऱ्या प्रकाशात अशी उडी होत नाही.

बीकरच्या तळाशी स्फटिक पडायला लागले आहेत. मामा सिंटर्ड काचेच्या नरसाळ्यावर ते ओततात. जांभळं पाणी खाली जातं. बर्फगार पाण्याने धुणं. धुण्याचं पाणी आधी गुलाबी, मग फिकट, मग स्वच्छ. वर राहतात ते स्फटिक गुलाबी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे. आणखी धुतात. पाणी स्वच्छच येतं आणि स्फटिक गुलाबीच राहतात. रंग वरून लागलेला नाही. परक्लोरेटच्या ओळीत इथे तिथे परमँगनेट जाऊन बसलं आहे.

मागच्या बाकावरचा मुलगा उठून पुढे येतो आणि नरसाळ्यावर वाकतो. "मॅडम, हे काढून टाकता येतं का मग?"

"गरम पाण्यात विरघळव. सगळं बाहेर येईल."

मामा चिमूटभर परीक्षानळीत टाकून गरम करून दाखवतात. पाणी गुलाबी.

जाता जाता मॅडम मंगळाचं सांगतात. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं. पुढे क्युरिऑसिटी गाडीला खडकांच्या भेगांत मँगनीज ऑक्साइड मिळाले. मुलं नरसाळ्यातल्या स्फटिकांकडे परत एकदा बघतात.

३:१०. बारावीची एक मुलगी थांबली आहे. वडील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत कामाला. तिने पिशवीतून काळा दगड आणला आहे, मुठीत मावेल एवढा, पण हातात घेतला की जड लागतो. बोटं काळी होतात. डोंगरीच्या खाणीतून डायऑक्साइड प्रतीचं मँगनीज निघतं, कोरड्या बॅटरीला लागतं ते. तिथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध डायऑक्साइड बनवायचा मॉईल या खाण कंपनीचा कारखानाही आहे. "यात खरंच मँगनीज हाय का, पाहाचं हाय," ती म्हणते.

मामा दगडाची कड खलबत्त्यात फोडतात. बाकीचा दगड तिला परत. चिमूटभर पूड, धुण्याचा सोडा, थोडा सोरा. फुटक्या चिनी मातीच्या कुपीचा तुकडा त्यांनी अशा कामांना जपून ठेवला आहे, नव्या कुपीचे पैसे पडतात. गॉगल लावायला लावतात. बर्नर मोठा. पूड वितळते, फसफसते, काळी होते. मामा ज्योत बाजूला घेतात. निवता निवता कडेने हिरवा रंग चढतो. गडद हिरवा. ती काही बोलत नाही.

तुकडा पाण्यात टाकतात. पाणी हिरवं. त्यात पातळ आम्लाचे थेंब. हिरवं पाणी निळसर होतं आणि मग जांभळं, सकाळच्या ब्युरेटमधलं जांभळं. खाली तपकिरी गाळ. हिरवं ते मँगनेट, त्यातल्या काही मँगनीजने वर चढून परमँगनेट केलं आणि काही खाली उतरून डायऑक्साइड झालं. बाजारात मिळणारं परमँगनेट याच वाटेने बनतं. काळा दगड पोटॅशबरोबर हवेत भाजायचा, हिरवं करायचं, मग विजेने जांभळं.

"म्हंजे सकाळचं औषध ह्या दगडातून निघते?"

"अशाच दगडातून," मामा म्हणतात. परीक्षानळी तिच्या हातात देतात. ती मोबाइलवर फोटो काढते, वडिलांना पाठवते. शाळेत असायच्या वयातच ते खाणीत लागले होते, असं ती सांगते. तिचा तास केव्हाच संपलेला असतो, तिची एस.टी. चारची.

४:००. वरच्या मजल्यावरून पीएच.डी.चा विद्यार्थी येतो. त्याने मँगनीजचं एक संकीर्ण संयुग केलं आहे, सोबतीला परक्लोरेट आयन. त्याला ते ओव्हनमध्ये वाळवायचं आहे. मामा ओव्हनची किल्ली देत नाहीत.

"सरांना विचारून या."

त्याचे मार्गदर्शक सर खाली येतात. कार्बनी रेणू आणि परक्लोरेट एकाच स्फटिकात असले की ते मीठ कोरडं झाल्यावर कशाने पेटेल सांगता येत नाही, ते त्याला समजावतात. ओव्हन नाही. हवेवर वाळव, मोजक्या मिलिग्रॅममध्ये काम कर, काचेवरून लोखंडी चमच्याने खरवडू नको, शक्य असेल तर दुसरा आयन घे. मुलगा हुशार आहे, तोंड पाडून जातो. सर मामांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि वर जातात. मामा किल्ली परत खिळ्याला लावतात.

४:३०. बादल्या. दिवसभराचं उरलेलं परमँगनेट एका बादलीत, उरलेलं ऑक्झॅलिक दुसरीत. जांभळ्या बादलीत ऑक्झॅलिक आणि आम्ल ओतून रंग जाईपर्यंत ढवळायचं. सकाळी मुलांनी थेंबाथेंबाने केलं तेच, पण लिटरने. आज ऑक्झॅलिक पुरत नाही. मामा मोहर साल्टचं उरलेलं द्रावण घालतात. रंग जातो. चुना टाकून आम्ल मारतात, मग सिंक. परक्लोरेटचं पाणी मात्र सिंकमध्ये जात नाही, त्याची वेगळी बरणी, वर चिठ्ठी.

५:१५. ऑफिसातून निरोप. परीक्षेचं इंडेंट आजच हवं. मॅडम केव्हाच गेल्या. मामा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडतात आणि मला आकडे वाचायला लावतात, चष्मा घरी राहिला म्हणून. परीक्षेला १६० मुलं. प्रत्येकाला ब्युरेट खंगाळायला, भरायला, परत भरायला मिळून १०० मिली परमँगनेट. १६ लिटर. लिटरला ३.१६ ग्रॅम, म्हणजे ५१ ग्रॅमच्या आत. बाटलीत दीडशे शिल्लक आहे. परमँगनेट मागवायचं नाही. ऑक्झॅलिक पाचशे ग्रॅम एक. सल्फ्युरिक आहे.

"ब्युरेट किती लिहू?" मी विचारतो.

"बारा."

ऑफिसातला क्लार्क दारात उभा आहे. "मामा, बारा काहून? मागच्या वेळी सहा मागवल्या."

"मागच्या वेळी परीक्षेत आठ पोरं ब्युरेटसाठी थांबले होते."

क्लार्क सहा म्हणतो. मामा दहावर येतात, त्याखाली उतरत नाहीत. कागदावर दहा लिहिलं जातं. खाली डिस्टिल्डच्या यंत्राचा हीटर एक, व्हॅसलिन एक डबी, ग्लास वूल एक पाकीट. सही करायला मामा पेन मागतात आणि तारखेखाली वेळही टाकतात, ५:३५.